काचेतली तीस वर्षं

दयानंद गुरवची प्रोस्टेट ग्रंथी काढून आठ महिने झाले होते, आणि ती अजून जिवंत होती.

मिरजेच्या त्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर एक उबदार कपाट होतं. त्याचं तापमान कायम माणसाच्या अंगाएवढं ठेवलेलं असे. आत पोस्टकार्डाएवढ्या काचेच्या पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीवर ग्रंथीचा एकेक काप, केसापेक्षा जेमतेम जाड. काचेत कोरलेल्या बारीक नळ्यांमधून दयानंदच्याच रक्तातला पिवळसर द्रव सावकाश फिरत होता. डॉक्टर शर्वरी मगदूमने एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बोट केलं.

"हे तुम्ही."

दयानंदने चष्मा चढवला. काळ्या पडद्यावर हिरवट चमकणारी घरं होती, एकमेकांना चिकटलेली, मध्ये पोकळ.

"मधाचं पोळं दिसतंय."

"निरोगी भाग तसाच दिसतो. आता इकडे बघा. ही घरं बारकी झालीत, दाटीवाटीने बसलीत. हा तुमचा कॅन्सर."

त्याने निरखून पाहिलं. गेले आठ महिने त्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी काळं, पंजे असलेलं होतं. हे तर नुसतं गरीब वस्तीसारखं दिसत होतं.

"एवढंच?"

"एवढंच. कॅन्सरच्या पेशी मूळ पेशींपासून किती बिघडल्यात त्यावरून पायऱ्या ठरवतात. तुमची सगळ्यांत खालची. ह्या पेशी अजून शेजाऱ्यांसारख्याच वागतात." डॉक्टर तिशी ओलांडलेली, सांगलीकडचीच होती. बोलताना ती समोरच्याला कळलंय की नाही ते बघत बोलायची. "प्रत्येक पेशीत एक घड्याळ असतं. ती कधी विभागायची, कधी म्हातारी व्हायची हे त्यावर ठरतं. काही औषधं देऊन त्या घड्याळाचे काटे आम्ही पळवतो. इथला एक महिना म्हणजे शरीरातली चारेक वर्षं. तुमचे काप इथे तीस वर्षं जगलेत."

"म्हणजे मी त्रेसष्टचा आणि हे त्र्याण्णवचं? माझ्या आज्यापेक्षा मोठं झालं की."

"हो." ती हसली. "यातून आम्हाला दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. पहिला प्रश्न, हा आजार उलटेल का? नाही उलटणार. कापाच्या कडा स्वच्छ आहेत, रक्तही स्वच्छ आहे. या आजाराने तुम्ही मरणार नाही."

दयानंदने हात जोडले. मग विचारलं, "आणि दुसरा?"

"ग्रंथी काढलीच नसती तर काय झालं असतं. ते सगळ्यांना ऐकायचं नसतं. पेशंटने मागितल्याशिवाय सांगायचं नाही असा आमचा नियम आहे."

त्याने दाराकडे पाहिलं. त्याची बायको उज्ज्वला खाली औषधाच्या दुकानात पॅड आणायला गेली होती. पहिलं उत्तर ऐकायचा धीर नाही, म्हणून मुद्दामच गेली होती.

"सांगा."

"काही झालं नसतं," शर्वरी म्हणाली. "गाठ ज्वारीच्या दाण्याएवढी होती, ती तीस वर्षांत हरभऱ्याएवढी झाली. ग्रंथीची भिंत तिने ओलांडली नाही. कधी ओलांडली असती असंही वाटत नाही."

उपकरणातला पंप टिकटिकत होता. दयानंदने पडद्यावरची ती बारकी घरं पुन्हा एकदा बघितली.

"मग हे आधी का नाही केलं, मॅडम?"

"करताच येत नाही. तपासणीच्या सुईत दोऱ्याएवढा तुकडा येतो. त्यात एक गल्ली दिसते, अख्खं गाव दिसत नाही. आणि गाठ कशी वागणार हे तिच्या गावावर ठरतं. शेजारच्या पेशी, रक्तवाहिन्या, भिंत, सगळं लागतं. त्यासाठी पूर्ण ग्रंथीच हातात यावी लागते."

"म्हणजे काढायला हवी होती का, हे काढल्यावरच कळतं."

"सध्या तरी."

"लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायची."

शर्वरीला हसू आलं आणि तिथेच थांबलं. तिने विषय बदलला. "एक मात्र चांगलं आहे. तुमच्या पॅडमधून गळतीची जी नोंद येते, तिची रेषा छान खाली येतेय. गेल्या दोन महिन्यांत गळती निम्म्याहून कमी झाली. फक्त ओठ फुटलेत तुमचे. पाणी पिता ना?"

"पितो की," दयानंद म्हणाला.

बाहेर बाकावर उज्ज्वला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. त्याला बघून ती उठली. नुसती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. सदतीस वर्षांच्या संसारात तिच्या चेहऱ्यावर ही भीती त्याने आधी कधी पाहिली नव्हती, आणि गाठ सापडल्यापासून ती उतरली नव्हती.

"परत येणार नाही," तो म्हणाला.

 तिने त्याचं मनगट धरलं आणि विचारलं, "आणि नसतं काढलं तर? त्या काचेतून तेही कळतं म्हणतात."

तिला हे माहीत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. पण ती गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होती. आल्या आल्या भिंतीवरचा माहितीचा फलक तिने वाचून काढला असणार.

"सहा वर्षांत बाहेर पडला असता म्हणाल्या. हाडांत." शब्द आपोआप आले. "तू मागं लागलीस म्हणून वाचलो."

उज्ज्वलाने पदराचा बोळा तोंडाशी धरला. शेजारच्या बाकावरची म्हातारी उठून जवळ आली आणि काही न विचारता तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली.

•

गाठ सापडली होती ती गावातल्या तपासणी शिबिरात. रक्तातला एक आकडा वाढलेला निघाला, मग सुईची तपासणी झाली. सर्जनने सांगितलं होतं, "घाई नाही. नजर ठेवू. ठरावीक दिवसांनी रक्त, वर्षाने स्कॅन. असे कित्येक पुरुष या गाठीसकट म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात." दयानंदला ते पटलं होतं.

उज्ज्वलाला पटलं नाही. "घरात साप शिरलाय हे कळल्यावर त्याच्यावर नजर ठेवून कुणी झोपतं का?" ती म्हणाली होती. ती बारावीत असताना तिच्या आईच्या छातीत गाठ आली होती. 'बघू पुढच्या महिन्यात' असं म्हणत घरच्यांनी ती दीड वर्ष बघितली. त्यानंतर बघायला आई उरली नाही. ही गाठ वेगळी आणि ती वेगळी, हे उज्ज्वला वर्गातल्या मुलांना फळ्यावर आकृती काढून समजावून सांगू शकली असती. रात्री अंथरुणात उठून बसल्यावर ते तिला स्वतःला समजावता येत नव्हतं. तिचं ते बसणं बघवेना म्हणून दयानंदने सही केली.

ऑपरेशन यंत्रमानवाच्या हातांनी झालं आणि चांगलं झालं. लघवी धरून ठेवायला पुरुषाला दोन दारं असतात. वरचं दार मूत्राशयाच्या तोंडाशी असतं, ते ग्रंथीबरोबर जातं. खालच्या कड्यासारख्या स्नायूने मग एकट्याने सगळा भार पेलायचा असतो. बहुतेकांचा स्नायू वर्षभरात ते शिकतो. ग्रंथीच्या दोन्ही अंगांनी कोळिष्टकासारख्या नाजूक नसाही जातात. उजवीकडच्या वाचल्या, डावीकडच्या ताणल्या गेल्या. त्या नसांबरोबर जे गेलं त्याबद्दल नवराबायको बोलत नसत. उज्ज्वलाने फक्त दोन खाटांमधलं स्टूल काढून टाकलं होतं आणि झोपताना ती आपला हात त्याच्या खाटेवर ठेवत असे.

इतर कुणाचं एवढ्यावर भागलं असतं. दयानंद भैरोबाच्या देवळात सनई वाजवायचा. गुरवांच्या चार पिढ्या त्या नगारखान्यात बसल्या होत्या. नगारखाना देवळाच्या दरवाज्यावर, माडीसारखा. पहाटे आणि दिवेलागणीला वर सनई-चौघडा आणि खालून माणसं देवाकडे जायची. सनईची फुंक गालातून येते असं लोकांना वाटतं. ती पोटातून येते. पोटाचे स्नायू खालून रेटा देतात तेव्हा सनईच्या तोंडाची पत्ती बोलते, आणि तोच रेटा मूत्राशयावरही पडतो. शिंकेचा रेटा क्षणाचा असतो. सनईवाला तो घटकाभर धरून ठेवतो.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो वर चढला त्या दिवशी दुसऱ्या आवर्तनातच धोतर ओलं झालं. पॅड होतं, तरी झालं. कुणालाच कळलं नाही. पण त्याला खालून जाणारी डोकी दिसत होती, हातातली नारळाची ताटं दिसत होती. देवाच्या दारावर बसून आपण हे असं, माणसांच्या डोक्यावर. त्याने सनई पुतण्याच्या हातात दिली, ओंकारच्या, आणि तो खाली उतरला. कुणी त्याला ये म्हटलं नाही असं नव्हतं. पुजारी म्हणाला, पंच म्हणाले. त्याने नकाराची मानच हलवली.

मग घरी, भिंतीकडे तोंड करून, त्याने स्वतःचा उपाय शोधला. पाणीच प्यायचं नाही. सकाळचा चहा, दुपारी ताकाचे दोन घोट, बस. देवाच्या उपासाची सवय असलेल्या माणसाला हे जड नव्हतं. पॅड कोरडं राहू लागलं. त्या पॅडमध्ये धाग्याएवढी तार असायची. कापड ओलं झालं की तारेतून वीज सहज वाहायची आणि उज्ज्वलाच्या फोनवर नोंद व्हायची. दिवसातून पंधरा-वीस वेळा थरथरणारा तिचा फोन चार-पाच वेळांवर आला. ती रोज त्या उतरत्या रेषेकडे परीक्षेच्या निकालासारखी बघायची.

पण सनईची पत्ती थुंकीने भिजल्याशिवाय उघडत नाही. दयानंदचं तोंड कोरडं ठणठणीत असायचं. पत्ती ओठांत धरून तो बसून राहायचा, फुंकायचा आणि नुसती हवा जायची. खाली कोरडं राहायचं तर वर सूर नाही, आणि वर सूर हवा तर खाली कोरडं नाही. मग त्याने सनई फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवली.

•

'सहा वर्षांत हाडांत' या तीन शब्दांनी उज्ज्वला बदलली. ती पोटभर जेवू लागली. शाळेतून येताना तिच्या चालण्याला पूर्वीसारखा ठेका आला. स्वयंपाक करताना ती कशाबशा सुरात गुणगुणायची आणि दयानंद त्यातल्या चुका दाखवायचा नाही. खोटं स्वस्तात पडलं, असं त्याला वाटलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला तासगावहून तिचा भाऊ हेमंत आला. शाळेत खेळाचा मास्तर, कबड्डीचा जुना गडी, बेदाण्यांची पिशवी घेऊन.

"काय दाजी, वाजवणं बंद केलंत म्हणे. आता गावाला झोप तरी लागते का?"

"तुझ्या शिट्टीपेक्षा बरं वाजवायचो."

"ते खरंय." हेमंत हसत बसला, पण पायाचा अंगठा फरशीवर घासत राहिला. मग म्हणाला, "मलाही निघाली, दाजी. खालचीच पायरी. डॉक्टर म्हणतात, थांबा, नजर ठेवू. आक्का म्हणते, काढून टाक. आता तुम्ही यातनं गेलाय. तुम्ही सांगाल तसं."

उज्ज्वला चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"थांबायलाही हरकत नसते म्हणतात," दयानंद म्हणाला.

"काय बोलताय तुम्ही!" उज्ज्वलाने कप खाली ठेवले. "तुम्हीही थांबणारच होता की. मग? सहा वर्षांत काय होणार होतं ते काचेत बघितलंय त्यांनी. हेमंता, ह्यांच्याकडे बघ. धडधाकट समोर बसलेत. आईच्या वेळी आपण काय केलं? बघत बसलो."

हेमंतने मान खाली घातली. आई गेली तेव्हा तो तेरा वर्षांचा होता.

"त्रास किती होतो, दाजी? खरं सांगा."

दयानंदने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे विश्वासाने बघत होती, फोनमधली रेषा पाठ असल्यासारखी.

"होतं कमी हळूहळू," तो म्हणाला आणि चहा अर्धा प्याला.

चार दिवसांनी हेमंतचा फोन आला. ऑपरेशनची तारीख घेतली होती. जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत.

•

दयानंदने डॉक्टर शर्वरीला फोन लावला तो देवळामागच्या पारावरून.

"मॅडम, माझ्या मेव्हण्याचं काचेत बघून सांगता येईल का? आधी?"

"नाही हो. तुम्हाला सांगितलं ना, पूर्ण ग्रंथी लागते."

"मग माझ्यावरनं सांगा. तसलीच गाठ आहे. पायरी तीच."

"पायरी तीच असली तरी गाव वेगळं. त्यांची गाठ झोपून राहण्याचीच शक्यता जास्त आहे, फार जास्त. पण तुमची झोपली म्हणून त्यांची झोपेल असं मी लिहून देऊ शकत नाही." ती थांबली. "तुम्ही घाबरलेले वाटताय. काय झालं?"

त्याने सांगितलं. 

"मी उज्ज्वलाबाईंशी बोलू का?"

"नको. तुमच्या तोंडून कळलं तर तिला वाटेल मी परक्याला सांगितलं आणि तिला नाही." त्याने पाराच्या दगडावर नख ओढलं. "मी तर तिच्यासाठीच बोललो होतो, मॅडम. त्यात हेमंताचं काय बिघडवलं मी?"

"त्यांच्यापुढे दोन रस्ते होते," शर्वरी म्हणाली. "तुमच्या गोष्टीमुळे त्यांना एकच दिसतोय."

•

रविवारी दुपारी उज्ज्वला लोणच्याच्या कैऱ्या चिरत विळीवर बसली होती. फोडी कोरड्या फडक्यावर पसरलेल्या होत्या. लोणच्याला पाण्याचा थेंब लागला तर वर्षभराचं नासतं, म्हणून तिने हातही पुसपुसून घेतले होते. दयानंद उंबऱ्यात बसला, आत आला नाही.

"उज्ज्वला, काचेतली ती गाठ काही करणार नव्हती."

विळीचा आवाज चालू राहिला.

"कुठली गाठ?"

"माझी. तीस वर्षं बघितलं त्यांनी. जागची हलली नाही. सहा वर्षं, हाडं, ते मी सांगितलं. माझ्या मनचं."

आणखी दोन कैऱ्या चिरून झाल्या. मग तिने विचारलं, "किती काप लावले होते?" आवाज वर्गातला होता.

"चाळीसेक."

"सगळ्यांत तेच आलं?"

"सगळ्यांत."

"आणि पॅडची रेषा? तीही खोटी का?"

तिने हे कसं ओळखलं ते त्याला कळलं नाही. "रेषा खरी आहे. मी पाणी पीत नाही."

उज्ज्वलाने हातातली फोड ठेवली. फोडींचं फडकं दोन्ही हातांनी धरून तिने लांब, भिंतीपर्यंत सरकवलं. विळी मिटली. आणि मग, फोडींवर काही पडणार नाही एवढं अंतर झाल्यावर, ती रडली. दयानंद उंबऱ्यातून उठून तिच्याजवळ गेला, पण तिने हात वर करून त्याला थांबवलं.

"तुम्हाला नको होतं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत होता नजर ठेवू."

"तू घाबरली होतीस."

"मी घाबरले होते म्हणून तुम्हाला कापलं." तिने डोळे पुसले नाहीत. "आणि परत मी घाबरू नये म्हणून तुम्ही खोटं बोललात. आणि त्या खोट्यावर मी हेमंताला..."

ती उठली. फोन घेऊन तिने भावाला लावला आणि आवाज मोठा ठेवला. दयानंदला ऐकू यावं म्हणून की आपल्याला माघार घेता येऊ नये म्हणून, ते तिचं तिला माहीत.

"हेमंता, ऐक. मध्ये बोलू नकोस. ह्यांची गाठ काही करणार नव्हती. मी सांगितलं ते चूक होतं. ऑपरेशन माझ्या भीतीपोटी झालं. ह्यांना अजून त्रास आहे, बराच आहे. सनई त्यामुळे बंद आहे. तारीख रद्द कर. डॉक्टरांचं ऐक आणि तुझं तू ठरव."

पलीकडे कुणीतरी कुकरची शिट्टी मोजत होतं. मग हेमंत म्हणाला, "आक्का, आणि थांबलो आणि माझी जागी झाली तर?"

"माहीत नाही."

"तू कायम सांगत आलीस मला. काय करायचं ते."

"ह्या वेळी माहीत नाही रे," ती म्हणाली.

तारीख रद्द झाली. हेमंत नजरेखाली राहणाऱ्यांमध्ये गेला. त्याच्या प्रत्येक तपासणीच्या आधी उज्ज्वलाला झोप लागणार नव्हती, आणि आता शेजारच्या खाटेवरून तिला कुणी खोटं सांगणार नव्हतं.

•

जूनमध्ये रुग्णालयाचा निरोप आला. तपासणी पूर्ण झाली आहे, घड्याळ पळवणारी औषधं तेव्हाच थांबवली होती, आता काप बंद करायला परवानगी हवी. दयानंद म्हणाला, "फोनवरच हो म्हणून टाकू." उज्ज्वला म्हणाली, "मला बघायचेत."

ती एकटी गेली. शर्वरीने पट्टी सरकवली आणि पडदा उजळला. उज्ज्वलाने गाठ शोधून काढली, बोट दाखवावं लागलं नाही. त्या हिरवट घरांमध्ये तिचा नवरा त्र्याण्णव वर्षांचा झाला होता. त्या तीस वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. तिथे कुणी भीत नव्हतं.

"यातलं काही मेलं का?"

"नाही. म्हातारं झालं फक्त."

"म्हातारं झालं फक्त," उज्ज्वला म्हणाली.

तिने परवानगी दिली. शर्वरीने पंप बंद केला. नळ्यांतला पिवळा द्रव हळूहळू थांबला. घरं लगेच विझली नाहीत. "थोडा वेळ लागतो," शर्वरी म्हणाली. "तुम्ही जा, मी बघते." उज्ज्वला गेली नाही. पडदा पूर्ण काळा होईपर्यंत ती पर्स मांडीवर घेऊन बसून राहिली.

घरी आली तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. दयानंद परसात पेरूखाली बसला होता. तिने फडताळातून फडक्यातली सनई काढली आणि त्याच्यासमोर ठेवली. मग आत जाऊन पाण्याने भरलेला तांब्या आणला.

"प्या."

"नको. वर जायचं नाही मला."

"वर नाही. इथेच. प्या."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग तांब्या उचलून घटाघटा पाणी प्याला. फुटलेल्या ओठांवरून थेंब हनुवटीवर आले. तिने दुसरा तांब्या आणला. तोही त्याने संपवला.

देवळाकडून चौघडा सुरू झाला. ओंकारने सनई धरली होती. हात तयार, पण श्वास अजून कोवळा. त्याच्यामागे साथीला, दुसऱ्या सनईवर एकच सूर धरणाराच कुणी नव्हता. तसा धरणारा गावात आता उरला नव्हता. दयानंदने पत्ती तोंडात घेतली, जिभेवर फिरवली, भिजू दिली. फुंकली. पहिल्यांदा हवाच गेली. मग पत्ती उघडली.

त्याने गत वाजवली नाही. नुसता सूर धरला, एकच, ओंकारच्या सनईखाली आधारासाठी असतो तसा. देवळापर्यंत तो पोचत नव्हता. ओंकारला तो ऐकू जाणार नव्हता. दयानंद नाकाने श्वास घेत, गालात हवा राखत, सूर न तोडता धरून राहिला, आणि पोटाचा रेटा खाली उतरत गेला.

उज्ज्वलाच्या मांडीवरचा फोन थरथरला. थांबून पुन्हा थरथरला. दयानंदच्या धोतरावर काळपट ओल पसरत होती आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गालांवर येत होतं. दोरीवर वाळलेलं धोतर हाताच्या अंतरावर होतं. तिचा हात तिकडे गेला, नेहमीसारखा.

तो तिने मागे घेतला. फोन पालथा करून मातीवर ठेवला आणि देवळातली सनई संपेपर्यंत ती जागची हलली नाही.